शिरोलीतलं कासवाचं दार

शिरोली एमआयडीसीत मोठ्या फाउंड्र्यांच्या पाठीमागं, जिथं डांबर संपून जळकी काळी वाळू पायाखाली येते, तिथं शांतिनाथ मगदूमांचं शेड आहे. पाटीवरची अक्षरं गंजून गेलीत, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही. "पाइप वाकवणारे मगदूम" म्हटलं की नाक्यावरचा चहावाला हातातली किटली खाली न ठेवता नुसती हनुवटी वळवून दिशा दाखवतो.

पाइप काय, कुणीही वाकवतो. पण वाकवताना आतल्या अंगाला सुरकुती पडते आणि बाहेरचं अंग चपटं होतं. मगदूम पाइपात कोरडी वाळू ठासून भरायचे, दोन्ही तोंडं बंद करायचे आणि मग तापवून असा वळवायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा असाच उगवलाय. जिन्यांचे कठडे, साखर कारखान्यातल्या शिड्या, गोठ्यातल्या गव्हाणींच्या चौकटी, गावोगावच्या बस्तींच्या, म्हणजे जैन मंदिरांच्या, दारावरच्या कमानी असं काय काय त्या शेडातून बाहेर पडलं होतं.

मूळचे ते जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातले. भाऊ उसात राहिले, हे आयटीआय करून शिरोलीला आले, काही वर्षं फाउंड्रीत साचे भरले आणि पुढं स्वतःचं शेड टाकलं. आता पन्नाशी ओलांडली होती. बोलणं कमी आणि सावकाश. जैन घरातले असल्यामुळं कामाच्या बाबतीत त्यांचे एक-दोन नेम होते. कोंबड्यांचे पिंजरे करायचे नाहीत, खाटकाच्या दुकानातले आकडे करायचे नाहीत. कागलचा एक पोल्ट्रीवाला भलं मोठं काम घेऊन आला, तेव्हा त्याला चहा पाजून त्यांनी शेजारच्या शेडाचा नंबर दिला होता.

"मालक, कोंबड्या पिंजऱ्यात बसायच्या त्या बसणारच की," त्यांचा वेल्डर आकाराम तेव्हा म्हणाला होता. "आपण न्हाय केलं तर दुसरा करंल."

"करू दे की. त्याच्या शेडात होऊ दे."

आकाराम पंधराएक वर्षं त्यांच्याकडं होता. सुकट, म्हणजे वाळकी मासळी, आणि भाकरी हा त्याचा आवडता डबा, पण तो डबा शेडाच्या बाहेर लिंबाखाली बसून खायचा. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

असा हा माणूस मासे धरायच्या जाळ्यापर्यंत कसा पोचला, त्याची ही हकिगत.

मे महिना संपत आला होता. दुपारी एक पिकअप शेडासमोर थांबली आणि त्यातून उन्हानं रापलेला, पंचेचाळिशीचा एक माणूस उतरला. त्याच्या ट्रॉलरचा विंच, म्हणजे जाळं ओढायचं यंत्र, पलीकडच्या कारखान्यात दुरुस्तीला आला होता. तिथल्या लोकांनी त्याला इकडं धाडलं होतं. गाडीच्या हौद्यात एक वाकडी झालेली लोखंडी चौकट पडली होती. कडेनं लांबट गोल, आणि मध्ये उभ्या पट्ट्या.

"पावणं, ही खिडकीची जाळी म्हणायची की काय?" मगदूमांनी विचारलं.

"खिडकी न्हय, दार असा," माणूस हसला. "कासवाचां."

त्याचं नाव लवू कुबल, मालवणचा. वडिलांची होडी होती, त्याचा ट्रॉलर होता. मगदूमांनी खुर्ची दिली तरी तो उभ्यानंच बोलत राहिला. ट्रॉलरचं जाळं तळाशी ओढत नेतात, कोळंबीसाठी. त्यात कधी कधी कासव शिरतं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, आणि जाळं तर तास दोन तास पाण्याखालीच असतं. मग ते गुदमरून मरतं. यासाठी ही चौकट जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवायची. कोळंबी, मासे पट्ट्यांमधून मागच्या पिशवीत जातात. कासव मोठं, ते पट्ट्यांवर आपटतं, चौकटीवरून सरकत वर जातं आणि तिथल्या झडपेतून बाहेर पडतं.

"अमेरिकेन समुद्रातली कोळंबी घेवची बंद केल्यान, ह्या कासवांसाठीच," लवू म्हणाला. "आता सरकार पण सांगता, बसवा. माझी ही एक विंचात अडकान वाकली. माका पाच व्हयी. माझ्यासाठी आणि शेजारच्या बोटींसाठी."

मगदूमांनी चौकटीवरून हात फिरवला आणि तो काढून घेतला. "म्हणजे ही जाळ्यातच बसणार."

"जाळ्यातच."

"मग आमाला जमायचं न्हाय, पावणं. आमी जैन. मासं धरायच्या कामाला हात लावत न्हाय."

लवूला राग आला नाही. त्यानं चौकट उचलून गाडीत टाकली आणि जाता जाता म्हणाला, "माशे आमी धरतलोच, शेट. ही नसली तरी धरतलो. ही नसली तर माशांवांगडा कासव पण मरतला, येवढाच."

गाडी वळेपर्यंत मगदूम तसेच उभे होते. मग त्यांनी आकारामला सांगून ती थांबवायला लावली.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवताना त्यांनी ही गोष्ट आईला सांगितली. आईचं नाव राजमती, पण सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची आणि पोरंही आक्काच म्हणायची. पंच्याहत्तरी गाठलेली, पाणी अजून स्वतःच्या हातानं फडक्यातून गाळून भरणारी बाई. मुलाची बाजू तिनं पूर्ण ऐकून घेतली.

"मुनिसुव्रत भगवंतांचं लांछन कासवच हाय," मगदूम म्हणाले. तीर्थंकराच्या मूर्तीखाली कोरलेल्या खुणेला लांछन म्हणतात.

"ते मला शिकवू नगंस," आक्का म्हणाली. "कासव भायेर गेलं. मासं कुठं गेलं?"

"पट्ट्यांतनं आत."

"तुझ्या पट्ट्यांतनं."

 मगदूमांची बायको त्रिशला भाकरी वाढता वाढता थांबली आणि परत आत गेली.  ते 'तुझ्या पट्ट्यांतनं' मगदूमांच्या डोक्यातून जाईना.

लवूनं सोबत एक छापील नकाशा दिला होता. पट्ट्या किती, दोन पट्ट्यांत अंतर किती, कोन किती, सगळं त्यावर होतं. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं जाळी ओढून पाहून ते ठरवलं होतं. पहिल्या चौकटीची कड मगदूमांनी सुरेख वळवली. पट्ट्या लावायची वेळ आली तेव्हा ते बराच वेळ खडू हातात घेऊन बसले. मग त्यांनी खुणा केल्या.

आकारामनं खुणा मोजल्या, नकाशा पाहिला, परत खुणा मोजल्या. "मालक, ह्यात दोन पट्ट्या जास्तीच्या हायत की."

"मजबुती येती," मगदूम म्हणाले.

आकारामनं काच डोळ्यांवर ओढली आणि वेल्डिंगला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मालकांनी मापात फेरफार केलेला त्यानं पाहिला नव्हता, पण मालकांचं तोंड बघून तो पुढं बोलला नाही. अंतर कमी झालं होतं. मोठा मासा आता त्या फटीतून जाणार नव्हता, तो कासवाच्या वाटेनंच बाहेर जाणार होता. कोळंबी मात्र जाईल, त्याला इलाज नाही. तेवढं तरी, असं मगदूमांनी स्वतःला समजावलं. त्या पाचही चौकटी पाऊस सुरू असतानाच मालवणला गेल्या आणि मगदूमांना बरेच दिवस हलकं वाटत राहिलं.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या. दसरा, दिवाळी झाली. लवूचा फोन नाही. थंडी पडल्यावर मगदूमांनीच फोन लावला.

"चौकटी कशा चालल्यात्या, पावणं?"

 लवू म्हणाला, "तुमी येवन बघा."

मगदूम आकारामला घेऊन घाट उतरले. लवूचं घर किनाऱ्यालगत माडांच्या बनात होतं. अंगणात शिरल्या शिरल्या मगदूमांना आपली कारागिरी दिसली. तीन चौकटी मांडवाला तिरक्या टेकवलेल्या, आणि त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढलेला. वेलाला फळंही छान धरली होती. चौथी कुठल्याशा बोटवाल्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला लावली, असं लवूनं सांगितलं. हे ऐकून आकाराम खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

"पाचवी बोटीर असा," लवू म्हणाला. "तुमका दाखवूक ती परत बांधतलंय. उद्या सकाळी चला. सांगून तुमका पटूचा नाय."

मगदूम आयुष्यात होडीत बसले नव्हते. उजाडताना ट्रॉलर निघाला आणि बंदराच्या बाहेर पडताच त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. खलाशांनी त्यांना नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, उचलून मागं बसवलं आणि लिंबू दिलं. आकाराम मात्र गावच्या जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा खूश होता.

जरा बरं वाटल्यावर लवू त्यांच्याजवळ येऊन बसला. उजव्या हाताला किल्ला मागं पडत होता. "त्या किल्ल्याच्या आजूबाजूचा पाणी राखीव," त्यानं दाखवलं. "अभयारण्य. आमी लांबसून जातो."

"राग येत न्हाय?"

"बापाशीक येय. मोर्चे काढल्यान तेनी. माका पण येय, पयलां." लवूनं सुकाणूवरच्या माणसाला हातानं खूण केली. "आता कळता. थंय खडकांत मासळी वाढता, ती भायर येता, तेवाच आमका गावता. पण हयसर राखीव, थंयसर बंदी, जाळ्यात चौकट, असा एकावर एक येत गेला की माणूस चिडता. डिझेलचो खर्च कोण थांबवता? म्हणान सांगतंय, करूचा ता असा करूचा की बोटवाल्यान आपणहून बांधूक व्हया."

जाळं सोडलं, ओढलं, आणि दोन तासांनी विंच करकरत ते वर आलं. मगदूमांनी ठरवलं होतं की त्या वेळी दुसरीकडं बघायचं. पण मान वळवली तरी आवाज येत होता, ओल्या फळीवर शेपट्या आपटायचा. मग त्यांनी बघितलं. थोडी कोळंबी, थोडी बारीक मासळी, खेकडे. ढीग घोट्याएवढाही नव्हता. आणि चौकटीच्या पट्ट्यांमध्ये शेवाळाची गुंतवळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक तुटकी चप्पल, असा सगळा कचरा गच्च बसला होता. वाट बंद झाल्यावर सगळंच, कोळंबीसकट, झडपेतून समुद्रात परत गेलं होतं.

 लवूनं पट्ट्यांमधला कचरा उपसला आणि आपला हात आडवा करून फटीत घातला. हात अडकला. दुसऱ्या फटीत घातला. तिथंही अडकला.

"माझ्या जुन्या चौकटीत माजो हात जाय," तो म्हणाला. "शेट, पट्टे कित्या वाढवलास?"

आकाराम समुद्राकडं बघू लागला. मजबुती हा शब्द मगदूमांच्या ओठांवर आला होता, पण तो त्यांना उच्चारता येईना.

"मासं सुटतील म्हणून," ते म्हणाले.

लवू त्यांच्याकडं पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत मगदूम बसले होते, तो काही दिसेना. लवूनं हात पुसले आणि खाली, त्यांच्यासमोर फळीवरच बसला.

"सुटले. पयल्या दोन फेऱ्यांत सुटले. मग सगळ्यांनी चौकटी काढल्यांनी, मी पण काढलंय. घर चलवूचा असता. आणि गेल्या आठवड्यात माझ्या जाळ्यात कासवीण इली. पोटात अंडी. आमी तिका उलटी केली, पाणी काढला, तासभर बसलो तिच्याकडे. जगली नाय." त्यानं किनाऱ्याकडं हात केला. "माझ्या आयेन नारळ फोडून तिका वाळवेत पुरल्यान. माझ्या घरात आज सात-आठ दिवस कोण धड बोलत नाय."

 बंदर येईपर्यंत मगदूम तोंडावर टॉवेल धरून बसून राहिले. उतरताना त्यांनी लवूला एवढंच सांगितलं, "नव्या करून देतो. ह्या परत न्हेतो." वेल काढून चौकटी मोकळ्या करायला लवूनं हरकत घेतली नाही, पण लवूच्या आईनं, शालूबाईनं, घेतली. दोडकी उतरेपर्यंत थांबा, म्हणाली. मग बोटीवरची एकच चौकट गाडीत घालून दोघं परतले.  घाट चढून वर आल्यावर आकाराम म्हणाला, "मी तवाच बोलाय पायजे हुतं, मालक. खुणा मी बी बघितलेल्या."

"तू बोललास की. मीच ऐकलं न्हाय."

घरी आल्यावर मगदूमांनी आक्काला सगळं सांगितलं. कासविणीचंही सांगितलं. आक्का जपमाळ हातात घेऊन ऐकत होती. माळ थांबली होती.

"मी तुला टोचून बोललो नसतो, तर तू हे केलं नसतंस," ती म्हणाली. त्या भागातल्या जुन्या बायका बोलताना 'मी बोललो' म्हणतात, तशीच तीही म्हणायची.

"तुझा काय दोष, आक्का?"

"दोष वाटून घ्यायला बसलो न्हाय मी. तू काम घेतलंस तवाच ते समद्यासकट घेतलंस. मासं सोडायचं असतील तर काम सोडायचं. काम घ्यायचं तर दार नीट करायचं. निम्मंशिम्मं करून कुणाला फसवलास? त्या माणसाला, आन् त्या मुक्या जिवाला."

"मग सोडू?"

आक्कानं माळ परत सुरू केली. "सोडलंस तर दुसरा करंल. आन् तो बी तुझ्यासारखाच पट्ट्या मोजत बसंल का, कुणाला ठावं." मग तिनं डोळे मिटून घेतले. जपाच्या वेळी तिला बोलतं करणं कुणालाच जमत नसे.

दुसऱ्या दिवशी मगदूमांनी नकाशा भिंतीवर चिकटवला. या वेळी खडू आकारामच्या हातात दिला आणि स्वतः टेप धरली. चपट्या पट्ट्यांवर शेवाळ अडकतं, हे त्यांनी बोटीवर पाहिलं होतं. त्याऐवजी गोल सळ्या लावल्या तर चालेल का, हे त्यांनी मनानं ठरवलं नाही. लवूकडून त्या अभ्यास करणाऱ्या लोकांचा नंबर घेतला. फोनवर अनुजा नावाची मुलगी बोलली. निघाली ती कोल्हापूरचीच, समुद्राचं शिकून मालवणात कामाला असलेली. गोल सळ्या चालतील, उलट जास्त बऱ्या, ती म्हणाली. जाड किती घ्यायच्या, जोड कुठं ठेवायचा, हेही तिनं समजावून सांगितलं. वेल्डिंगचा एकेक कंगोरा मगदूमांनी स्वतः घासला, कासवाच्या पोटाला लागू नये म्हणून. पण सळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून हात घालून पाहताना दर वेळी त्यांना ती फळी आठवायची आणि ओल्या शेपट्यांचा तो आवाज ऐकू यायचा. तरी माप नकाशाप्रमाणेच राहिलं.

चौकटी गेल्या. लवूचा फोन या वेळी आठवड्याच्या आत आला. मासळी थोडी कमी येते, पण परवडण्याइतकी कमी. शेजारच्या बोटीनंही बांधली. शेवटी म्हणाला, "अनुजान जाळ्यात क्यामेरो बांधलोहा. काय गावला तर बघूक येवा."

शिमग्याच्या सुमारास निरोप आला की काहीतरी मिळालंय. मगदूम निघायला लागले तेव्हा आक्का पायात चपला घालून दारात उभी होती.

"तू कुठं?"

"मी बी येणार. माझ्या पोरानं काय केलंय ते मला बघू दे."

एवढ्या लांबच्या प्रवासात तिचं सोवळं, पाणी, जेवणाची वेळ, सगळ्याची काळजी त्रिशलानं घेतली. आक्काची कळशी, गाळायचं फडकं, दशम्या गाडीत ठेवल्या. मालवणात पोचल्यावर शालूबाईनं अंगणात सतरंजी घातली. घरात मासळीचा वास, तो लपणार कसा? शालूबाईला ते ठाऊक होतं. तिनं पाहुणीला आत बोलावलंच नाही. माडाखाली बसवलं, लवूला वर चढवून शहाळं काढायला लावलं, आणि पाहुणीच्या समोर ते कोयत्यानं उघडलं, मध्ये भांडं नको म्हणून. आक्का ते दोन्ही हातांनी धरून प्याली. दोघी एका वयाच्या. एकीची भाषा दुसरीला अर्धीच कळत होती, तरी पाऊस, गुडघे आणि सुना यांवर त्यांचं बराच वेळ चाललं.

अनुजा लॅपटॉप घेऊन आली. उन्हात दिसेना म्हणून सगळ्यांनी डोक्यावरून गोधडी ओढली. दोन म्हाताऱ्या पुढं, बाकीचे मागं.

आधी नुसतं हिरवं गढूळ पाणी. मग चौकट दिसली. तिच्यातून मासे आत येत होते, एकेक, मग थव्यानं, चमकत, कुठं चाललोत हे न कळून. मगदूमांनी हळूच आक्काकडं पाहिलं. ती पापणी न लवता बघत होती. मोठी, आडवी मासळी सळ्यांना घासत गेली. शालूबाई सवयीनं "सुरमई" म्हणाली आणि मग जीभ चावून गप्प बसली.

मग काहीतरी मोठं, काळपट, डाव्या बाजूनं घरंगळत आलं आणि सळ्यांवर आपटलं. कासव होतं. क्षणभर ते तिथंच दाबून राहिलं. पुढचे पाय वल्ह्यांसारखे हलत होते, पण पाण्याचा जोर त्याला मागं सरकू देत नव्हता.  कासवानं पाय मारला, चौकटीवरून थोडं वर सरकलं, परत मारला, आणखी सरकलं. झडप त्याच्या डोक्याला लागली आणि फडक्यासारखी उडाली. कासव गेलं. मागं परत हिरवं पाणी राहिलं आणि आत येत राहिलेले मासे.

शालूबाईनं डोळे पुसले. लवू मागून म्हणाला, "ह्या आमच्याच बोटीरचा."

"परत लाव, बाळ," आक्का म्हणाली.

अनुजानं कासव येतं तिथून लावायला घेतलं. "न्हाय, पयल्यापासनं," आक्का म्हणाली. तिनं पुन्हा सगळं पाहिलं, माशांसकट. मग गोधडी बाजूला करून उठली आणि लेकाच्या खांद्याला धरून समुद्राच्या दिशेला चार पावलं गेली. तिनं हात जोडले. कुणाला जोडले, मगदूमांनी विचारलं नाही.

येताना गाडीत ती एवढंच बोलली, "तू करतोयास ते पुण्य म्हणून करू नगंस. काम म्हणून कर. जे पाप असंल त्यातलं निम्मं मी घेतो."

तिनं ते कसं घेतलं हे मगदूमांना नंतर कळलं. चौकटींची गाडी शेडातून निघायची असली, की त्या दिवशी आक्का जेवत नाही. गाडी कधी निघणार हे तिला कोण सांगतं, याचा छडा लावता लावता ते आकारामवर येऊन थांबले.

आता पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत मालवण, देवगडकडच्या चौकटी दुरुस्तीला शिरोलीला येतात. सगळेच बोटवाले त्या मनापासून बांधतात असं नाही. तपासणीची बोट दिसली की बांधायची आणि गेली की सोडायची, असंही चालतं, हे लवूच सांगतो. एकदा एक बोटवाला आला आणि म्हणाला, एक सळी कमी लावा, मोठी मासळी बरी येईल. मगदूमांनी त्याला भिंतीवरचा नकाशा दाखवला. तो म्हणाला, एका सळीनं काय होतं. मगदूमांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दोन पट्ट्या जास्त लावल्या तेव्हा काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. तो माणूस चहा संपवून उठून गेला. चारेक दिवसांनी त्याचा फोन आला, नकाशाप्रमाणंच करा म्हणून.

पोल्ट्रीवाल्यांना मगदूम अजून शेजारच्याच शेडाचा नंबर देतात. 

परवा पुन्हा गाडी भरली. घरी आक्काचं ताट वाढलं गेलं नाही. मगदूमांनीही डबा उघडला नाही. लिंबाखाली आकाराम नुसती भाकरी आणि ठेचा खात होता.

"सुकट कुठाय आज?" मगदूमांनी विचारलं.

"इसरलो," आकाराम म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.